जागेपणी घेतलेलं माप

स्नेहलतागंजात स्टेशनच्या अंगाला एक अरुंद गल्ली आहे. तिथल्या बहुतेक घरांत श्रीपादराव सुपेकरांच्या हातची एखादी तरी वस्तू सापडते. कुणाकडे चपलांचं कपाट, कुणाकडे देवघर, कुणाकडे पुस्तकांची मांडणी. वस्तू भक्कम असतात, त्याबद्दल दुमत नाही. पण श्रीपादराव सहा फुटांना बोटभर कमी, आणि वस्तू बनवताना त्यांच्या डोळ्यांसमोर स्वतःखेरीज दुसरं माणूस कधी आलंच नाही. समोरच्या इंदिराबाईंचं देवघर त्यांनी इतक्या उंचावर ठोकलं की त्या बिचारीला देवाला फूल वाहायलासुद्धा टाचा उंच कराव्या लागतात. तक्रार करायची सोय नव्हती. हौसेनं करून दिलेल्या कामाला नावं कोण ठेवणार?

सुपेकरांच्या घराण्यात हत्यार धरायची रीत नव्हती. पणजोबा संस्थानच्या दरबारात दफ्तरदार, आजोबा आणि वडील कचेरीत, आणि श्रीपादरावही जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. पण जीव सगळा रंध्यात आणि करवतीत. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत त्यांचं सामान असे आणि खिशात, घरी असोत की कुणाच्या लग्नात, मोजायचा पोलादी टेप. त्यांच्याकडे सल्ला मागावा लागत नसे. स्क्रू मारण्याआधी बारीक भोक पाडून घ्या म्हणजे लाकूड फाटत नाही, स्क्रू ओल्या साबणावर फिरवून घेतला की अलगद आत जातो, ओल धरणाऱ्या भिंतीला साधं प्लाय लावाल तर एका पावसाळ्यात फुगून बसेल, हे सगळं पंगतीत शेजारी बसलेल्या माणसाला जिलबी वाढून होईपर्यंत ऐकावं लागे.

एक काम मात्र ते न बोलता करत. गल्लीत कुणी गेलं की पहिला निरोप सुपेकरांकडे यायचा. बांबू कुठून आणायचे, आडव्या कामट्या किती अंतरावर बांधायच्या, सुतळीची गाठ कशी मारायची, हे त्यांच्याइतकं नेटकं कुणाला जमत नसे. ते टेप घेऊन जात, निजवलेल्या माणसाचं टाचेपासून डोक्यापर्यंत माप घेत, तिरडी बांधत आणि सगळं उरकल्यावर मुकाट्यानं घरी येत. रमाबाई अंगणातच आंघोळीची बादली भरून ठेवत. त्या दिवशी टेपसुद्धा धुतला जाई.

रमाबाई त्यांच्या पत्नी. मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. अंगानं ठेंगण्या, बोलायला मोजक्या आणि कमालीच्या संकोची. दोरीवर ब्लाऊज वाळत घालायचा तर वर साडी पसरून, आणि बाथरूमची कडी लागल्याशिवाय नळसुद्धा सोडायच्या नाहीत. लग्नानंतर थोड्याच दिवसांत श्रीपादरावांनी स्वयंपाकघरात डब्यांची फळी ठोकली. रमाबाई म्हणाल्या, "अहो, माझा हात पोचत नाही तिथे." फळी खाली घ्यायला चार स्क्रू काढले की झालं असतं. श्रीपादरावांनी स्टूल बनवलं. सागवानी, गोल कडांचं, अगदी देखणं! प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? प्रेम पुष्कळ होतं, विचारायची सवय नव्हती. रमाबाई जन्मभर त्या स्टुलावर चढून तुरीची डाळ काढत राहिल्या.

गेल्या माघात रमाबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय जेमतेम फरफटत येऊ लागला आणि बोलणं अडखळू लागलं. शब्द डोक्यात असायचे, ओठांपर्यंत येताना वाट चुकायचे. त्या हॉस्पिटलात असतानाच श्रीपादरावांनी घरी बाथरूमचं काम काढलं. मुलगा उन्मेष हैदराबादला असतो. तो फोनवर म्हणाला, "बाबा, असं सगळं फिट करून देणाऱ्या कंपन्या असतात. मी इथून बुक करतो." श्रीपादरावांना ते लागलं. "माझ्या घरात परका माणूस येऊन भोकं पाडणार? अरे, मी मेलो नाही अजून," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

काम त्यांनी देखणं केलं, हे मान्य करायला हवं. टाइलवर ड्रिल घसरू नये म्हणून आधी कागदी टेप चिकटवला. ठोके देणारं बटण बंद ठेवून, हळूहळू, मधूनमधून पाणी सोडत भोक पाडलं, म्हणून टाइलला तडा म्हणून गेला नाही. नुसत्या गिलाव्यात नव्हे, थेट विटेत रुतणारे लांब बोल्ट वापरले. मग कमोडवर बसून, हात सहज जाईल तिथे स्टीलचा दांडा बसवला आणि त्याला स्वतः लोंबकळून पाहिलं. दांडा हलला नाही. त्या दिवशी हॉस्पिटलात जाताना त्यांच्या चालीत ऐट आली होती.

रमाबाई घरी आल्या. श्रीपादरावांनी त्यांना धरून आत नेलं, बसवलं, आणि कौतुकाची वाट पाहत उभे राहिले. रमाबाईंनी दांड्याकडे पाहिलं. दांडा उजवीकडे होता. उजवा हात मांडीवर पडलेला होता. ज्या हाताला ते रोज हॉस्पिटलात तेल चोळत होते, त्याच हातासाठी त्यांनी दांडा लावला होता.  श्रीपादरावांचीही नजर त्या हातावर गेली. त्यांनी पत्नीला काखेत हात घालून उठवलं आणि तेव्हापासून दरवेळी तसंच उठवू लागले.

चैत्र तापायला लागला तशी रमाबाईंची तब्येत बिघडली. ओठ सुकलेले, डोळे खोल, मग ताप. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, लघवीचा संसर्ग आहे, पोटात पाणीच जात नाहीये, असं चाललं तर मूत्रपिंडावर येईल. श्रीपादराव चक्रावले. उशाशी तांब्या-भांडं त्यांनी स्वतः भरून ठेवलेलं असे. रमाबाईंना व्यायाम शिकवायला पूर्वा नावाची, हिंदीच्या वळणानं मराठी बोलणारी फिजिओथेरपिस्ट मुलगी येत असे. ती त्यांना ओसरीवर घेऊन गेली.

"काका, एक बात सांगू? बुरा नका मानू हं," ती म्हणाली. "काकू पाणी जानबूझ के नाही पीत. प्यायलं की मग तुम्हाला बोलवावं लागतं ना. तुम्ही आत थांबता, कपडे सांभाळता, ते त्यांना सहन नाही होत."

"म्हणजे? मी काय परका आहे?" श्रीपादराव उसळले. "नवरा आहे मी तिचा!"

"तेच तो, काका," पूर्वा म्हणाली. "नर्स असती तर चाललं असतं."

श्रीपादरावांना आधी राग आला, मग फार वाईट वाटलं. एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोनं त्यांच्यापासून दूर ठेवलेली एकच गोष्ट होती, बंद दारामागचा तेवढा वेळ, आणि तीच आता तिच्या हातून गेली होती. ती परत मिळावी म्हणून ती पाणी सोडून बसली होती.  संध्याकाळी गच्चीवर गेले, हत्यारांची पेटी खाली आणली आणि ठरवलं की रमाला एकटीला आत जाता आलं पाहिजे, एकटीला बाहेर येता आलं पाहिजे. ते जमलं नाही तर या घरातलं बाकी सगळं सुतारकाम कुचकामाचं.

आता चूक होऊन चालणार नव्हतं. म्हणजे माप रमाचं हवं. टाचेपासून गुडघा, गुडघ्यापासून कंबर, डाव्या खांद्यापासून बोटं. पण विचारायचं कसं? "तू बसतेस तेव्हा तुझा हात कुठे असतो," हे वाक्य त्यांच्या तोंडून निघेना. या विषयावर नवरा-बायकोत कधी अवाक्षर झालं नव्हतं. शेवटी त्यांनी त्यांच्या बुद्धीप्रमाणे तोड काढली. दुपारी रमाबाईंचा डोळा लागला होता. पंखा फिरत होता. श्रीपादरावांनी खिशातून टेप काढला, त्याचं टोक हलकेच टाचेशी धरलं आणि पट्टी पायाच्या बाजूनं वर ओढत नेली. गुडघा झाला. कंबर झाली. ते खांद्यापर्यंत आले, तर रमाबाईंचे डोळे उघडे होते.

त्या टेपकडे पाहत होत्या. ओठ हलले, अडले, पुन्हा हलले.

"आत्ताच?" रमाबाई म्हणाल्या.

श्रीपादरावांना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि हातातला टेप सळ्ळकन मिटून जमिनीवर पडला. निजलेल्या माणसाला टाचेपासून वरपर्यंत टेप लावताना त्यांना साऱ्या गल्लीनं पाहिलेलं होतं, आणि कशासाठी ते रमाबाईंइतकं कुणाला ठाऊक होतं? दरवेळी बादली त्याच भरत होत्या.

"नाही गं, रमा, नाही," असं म्हणत ते पलंगाच्या कडेला खालीच बसले. त्यांना हुंदका आवरेना. सत्तरीचा माणूस, ज्यानं गल्लीतल्या कितीक जणांना कोरड्या डोळ्यांनी बांधून दिलं होतं, तो बायकोच्या चादरीत तोंड खुपसून रडला. रमाबाईंचा डावा हात त्यांच्या डोक्यावर आला आणि तिथेच राहिला.

मग त्यांनी सगळं सांगितलं. पूर्वा काय म्हणाली ते. दांडा चुकीच्या बाजूला लावला ते, आणि लावल्यावर कळूनही तोंड उघडलं नाही ते. "तुला एकटीला जाता यावं, मी आत येऊ नये, म्हणून माप घेत होतो. विचारायची लाज वाटली मला."

 रमाबाईंच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग म्हणाल्या, "उठवा."

"कशाला? झोप की जरा."

"उठवा. आता... घ्या माप."

त्या दुपारी सुपेकरांच्या घरात जे झालं ते त्याआधी कधी झालं नव्हतं. रमाबाई सांगत होत्या आणि श्रीपादराव ऐकत होते. डाव्या हातातली चार पायांची काठी टेकत त्या बाथरूमच्या दाराशी आल्या. दाराशी पाणी अडवायला बसवलेली दगडी पट्टी होती. काठी तिथे अडली, आणि उजवा पाय पट्टीला ठेचकाळला. रमाबाईंनी बोट दाखवलं. श्रीपादरावांनी खडूनं खूण केली. काठी दाराशी ठेवून रमाबाईंनी डाव्या भिंतीवर तळवा टेकला, जिथे तो आपोआप गेला तिथे. श्रीपादरावांच्या छातीपेक्षा कितीतरी खाली. त्यांनी तळव्याभोवती खडू फिरवला. एक पाऊल पुढे, पुन्हा तळवा, पुन्हा खडू. वळून बसल्यावर तीच भिंत उजवीकडे गेली आणि डावा हात पलीकडच्या भिंतीवर पडला. श्रीपादराव कपाळावर हात मारून घ्यायचे तेवढे राहिले. नुसता जुना दांडा उचलून पलीकडे लावला असता तर बाई उठल्या असत्या खऱ्या, पण आत गेल्याच नसत्या. जायला एक भिंत हवी होती, यायला दुसरी.

"कमोड... खाली आहे," रमाबाई म्हणाल्या. "उठताना... भीती वाटते."

"आधी का नाही बोललीस?"

रमाबाईंनी डाव्या हातानं जुन्या दांड्याकडे बोट दाखवलं. 

मग काम सुरू झालं. दांडे बनवायला श्रीपादराव परदेशीपुऱ्यात गेले. तिथल्या एका वर्कशॉपमधून त्यांनी रमाबाईंच्या मुठीत मावेल असा बारीक पाइप वाकवून घेतला. सियागंजात हार्डवेअरवाल्या रघुवीर भियानं नेहमीचे बोल्ट पुढे केले, "सुपेकरजी, ये ही तो ले जाते हो आप हमेशा." श्रीपादराव म्हणाले, "इस बार माप लाया हूँ," आणि खिशातून लांबी लिहिलेला कागद काढला. भिंत बोटांनी वाजवून, पोकळ आवाज येणाऱ्या टाइल त्यांनी सोडून दिल्या, कारण पोकळ जागी बसवलेला दांडा ऐन वेळी उपटून हातात येतो. दगडी पट्टीला बाहेरून लाकडाचा आणि आतून सिमेंटचा उतार केला, इंचभर उंचीला फूटभर लांबी धरून, आणि सिमेंट ओलं असतानाच त्यावर खराट्याच्या रेघा ओढल्या म्हणजे पाय घसरणार नाही. कमोडवर उंच बैठक बसवली. दार आत उघडत होतं. आत कुणी पडलं तर तेच दाराला अडसर व्हायचं, म्हणून बिजागऱ्या काढून दार बाहेर उघडेल असं केलं.

सगळं झाल्यावर त्यांनी आपला उजवा हात पंच्यानं पोटाशी बांधून घेतला आणि आत गेले. बसले. उठायला गेले तर तोल जाऊन भिंतीवर आपटले. धडधाकट माणूस असून ही गत. रमा हे रोज करते, तेही कुणाच्या देखत, या विचारानं ते तिथेच थोडा वेळ बसून राहिले. मग रमाला विचारून त्यांनी उठायचा दांडा चार बोटं पुढे सरकवला.

पूर्वानं रमाबाईंकडून जाण्या-येण्याचा सराव करून घेतला. बरेच दिवस गेले. आधी दार उघडं, मग अर्धवट लोटलेलं. पाणी पोटात जाऊ लागलं, ताप परतला नाही. एके सकाळी रमाबाईंनी दाराच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "कडी."

यावर सगळे एक झाले. पूर्वा म्हणाली, "काकू, कडी नको ना. रिस्क आहे." उन्मेषनं फोनवर निक्षून सांगितलं, "बाबा, आईचं काही ऐकू नका. कडी लावायची नाही म्हणजे नाही." श्रीपादरावांनाही मनातून तेच वाटत होतं. आत रमा पडली, डोकं आपटलं, आणि दाराला कडी? पण त्यांनी तिच्याकडे पाहिलं. दार लोटलेलं असताना बाहेर कुणाचंही पाऊल वाजलं की ती आत दचकते, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

बाहेरून पेचकसानं फिरवली की उघडते अशी कडी मिळते. श्रीपादरावांनी ती आणली, आणि बसवताना त्यांना वाटलं, तिला सांगायचंच कशाला? तिच्या लेखी कडी लागलेली, आपला जीव भांड्यात. बाहेरची पेचकसाची खाच चकतीखाली झाकताही आली असती. त्यांचा हात तेवढ्यापुरता थांबला. मग ते कडी घेऊन आत गेले आणि पलंगाशी बसून त्यांनी ती रमाबाईंच्या डाव्या हातात दिली.

"ही बाहेरून उघडता येते," ते म्हणाले. "तुला चालणार नसेल तर साधी लावतो."

रमाबाईंनी कडी आत-बाहेर सरकवून पाहिली. "हाक मारली," त्या म्हणाल्या, "तरच."

"तरच," श्रीपादराव म्हणाले.

कडी डाव्या हाताशी, रमाबाईंच्या खांद्याच्या खाली बसली. दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर रमाबाई उठल्या. घरात दोघंच होती. काठी टेकत त्या उतार चढल्या, काठी दाराशी ठेवून डाव्या भिंतीचा दांडा धरला, आत गेल्यावर भिंतीला टेकून त्याच हातानं दार ओढून घेतलं. कडी लागल्याचा आवाज आला. श्रीपादराव पेचकस घेऊन बाहेर उभे होते.

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग आत काहीतरी दाणकन पडलं.

श्रीपादरावांनी पेचकस खाचेत घातला.  एक फेरा दिला की दार उघडणार होतं. रमा पडली असेल, रक्त असेल, तोंडातून शब्द फुटत नसेल, हाक मारणार तरी कशी? आयुष्यभर त्यांनी न विचारता हेच केलं असतं, आणि कुणी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी कपाळ दाराला टेकलं. हाक आली नव्हती. त्यांनी तसाच पेचकस धरून ठेवला आणि फिरवला नाही.

"पाण्याचा मग... पडला," आतून आवाज आला. शब्द अडखळत होते, पण आवाज तोच होता, वर्ग गप्प करणारा. "अहो... दाराशी... उभे राहू नका."

श्रीपादरावांनी पेचकस खाचेतून काढला. डोळे पुसले आणि ओसरीवर जाऊन बसले. तिथून हाक ऐकू आली असती, बाकी काही नाही.